मालकांचं नाक आणि टेलिफोनची चकती

बाविसाव्या वर्षी मी कॅसलरॉकच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून लागलो. त्याआधी दोन वर्षं बेळगावात एका घड्याळजींकडे होतो. घड्याळ उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं आणि परत जोडायचं, एवढं काम. मला ते जमायचं. फक्त जोडून झाल्यावर दर वेळी एखादा स्क्रू, नाहीतर छोटं चाक टेबलावर उरायचं. घड्याळ चालू असायचं, म्हणून मी एकदा घड्याळजींना सांगितलं की हे भाग करणाऱ्यानंच चुकून जादा घातले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वळकटी दुकानाच्या पायरीवर होती.

वखारीच्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की यंत्राचं काही कळतं का. मी हो म्हणालो. त्यांनी नुकतीच आपल्या खर्चानं जंगलातून टेलिफोनची तार ओढली होती आणि तिच्यापाशी बसायला त्यांना माणूस हवा होता.

ही तार म्हणजे एकच तार. झाडाझाडांवरून जाणारी, आणि तिच्यावर अकरा ठिकाणी अकरा पेट्या टांगलेल्या. एक माझ्या वखारीत, एक टेकडीवरच्या मालकांच्या बंगल्यात, एक करवतीच्या गिरणीत, एक कंपाउंडरच्या खोलीत, एक हत्तींच्या तळावर, आणि बाकीच्या लांब जंगलात, जिथं जिथं आमची तोड चालायची तिथं. बाजारकुणंगला एक होती आणि सगळ्यांत शेवटची गुंदला. पेटीच्या कुशीला एक मूठ असे. ती फिरवली की अकराच्या अकरा ठिकाणी घंटा वाजे. मग कुणी उचलायचं? त्यासाठी प्रत्येकाची घंटा वेगळी ठरवली होती. गिरणीला एक लांब आणि दोन तोकड्या. कंपाउंडरला दोन तोकड्या आणि एक लांब. बंगल्याला नुसत्या तीन लांब. असं अकरांचं.

नियम असा होता की ज्याची घंटा त्यानंच उचलायचं. प्रत्यक्षात सगळेच उचलायचे. जंगलात दुसरी करमणूक नव्हती. पण बोलायचं मात्र ज्याची घंटा त्यानंच, हे सगळे पाळायचे. बाकीचे श्वास रोखून ऐकायचे. ऐकणारे जास्त झाले की आवाज बारीक व्हायचा, त्यावरून मला आज किती जण हजर आहेत याचा अंदाज यायचा.

घंटांचा तक्ता तार ओढणाऱ्यांनी लिहून भिंतीला डकवला होता. पहिल्या पावसाळ्यात त्याची शाई पसरली आणि उरलेला कागद वाळवीनं खाल्ला. मी कुणाला काही बोललो नाही. सगळं पाठ आहे अशा थाटात मूठ फिरवत राहिलो. बरेचदा बरोबर लागायचं.

मग एका सकाळी हत्तीच्या तळावरून माहुताचा निरोप आला. त्याच्या हत्तिणीच्या पायात बांबूचं खुंट घुसलं होतं आणि ती पाय टेकवत नव्हती. माहूत म्हणाला, माणूस पाठवा, हत्यारं घेऊन. मी कंपाउंडरला निरोप द्यायला मूठ फिरवली आणि दोन तोकड्या, एक लांब देण्याऐवजी एक लांब, दोन तोकड्या दिल्या. गिरणीचे मॅनेजर बोलायला आले. आयुष्यभर करवतीच्या आवाजात राहून त्यांना निम्मंच ऐकू यायचं. त्यांनी "पाय", "घुसलंय" आणि "हत्यारं" एवढं ऐकलं आणि करवतींना धार लावणारा माणूस कानशी आणि पकडी घेऊन तळावर धाडला. कंपाउंडर तारेवर होता, सगळं ऐकत होता, पण घंटा त्याची नव्हती म्हणून तो गप्प बसला.

धारवाल्यानं पकडीत धरून खुंट उपटलं. हत्तीण दुपारी कामाला लागली. पण कंपाउंडर रुसला. आपल्या रोग्याला परस्पर दुसऱ्यानं हात लावला, असं त्यानं बंगल्यावर जाऊन सांगितलं. मालकांनी मला बोलावून तक्ता कुठं आहे विचारलं. मी वाळवीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "यंत्राचं कळतं म्हणाला होतास. मग असं काही कर की वाळवी खाणार नाही आणि तू चुकणार नाहीस."

आता मला संधी मिळाली.

खानावळ चालवणाऱ्या बाईंकडून दोन लाटणी मागून आणली. चहाचं रिकामं खोकं घेतलं, त्याच्या दोन टोकांना लाटणी आडवी बसवली, आणि पेजेत बुडवून कडक केलेल्या मांजरपाटाची लांब पट्टी त्यांच्यावर गुंडाळली. पट्टीवर ओळीनं अकरा नावं आणि त्यांच्या घंटा. खोक्याला पुढून एक खिडकी. लाटणं फिरवलं की खिडकीत एकामागून एक नाव सरकत जाई. मला वाटलं, बेळगावच्या घड्याळजींनी हे बघायला पाहिजे होतं.

अडचण अशी की पहिल्या नावापासून दहाव्यापर्यंत जायला लाटणं फिरव-फिरव फिरवावं लागायचं. तोवर निरोप देणारा कंटाळून निघून जायचा, किंवा मीच निरोप विसरायचो. दमट हवेत कापड ढिलं पडलं आणि पेजेच्या वासानं झुरळं आली. चौथ्या दिवशी खानावळीच्या बाई आपली लाटणी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या की माझ्या यंत्रापायी वखारीची माणसं चार दिवस हातावर थापलेल्या भाकऱ्या खाताहेत.

मग मी घड्याळाकडे वळलो. घड्याळात काटा फिरतो आणि आकडे जागेवर असतात. मी उलटं करायचं ठरवलं. फणसाच्या फळीची परातीएवढी गोल चकती कापून घेतली. चकतीच्या कडेनं नावं लिहिली, प्रत्येक नावाच्या खाली, मध्याकडे, त्याची घंटा. लांब घंटेसाठी रेघ, तोकडीसाठी ठिपका. चकतीवर दुसरी फळी बसवली आणि तिला एकाखाली एक दोन झरोके पाडले. चकती फिरवली की वरच्या झरोक्यात नाव येई, खालच्यात रेघा-ठिपके. सगळ्यांत नामी गोष्ट म्हणजे चकतीच्या कडेला मी अकरा खाचा केल्या आणि एक कळकाची पट्टी अशी बसवली की दर खाचेला ती टक् करून अडे. चकती मधेच थांबत नसे. एका झटक्यात या टोकाचं नाव, दुसऱ्या झटक्यात त्या टोकाचं. आणि या वेळी एकही स्क्रू उरला नाही.

महिनाभर मी एकही घंटा चुकलो नाही. येईल त्याला मी चकती फिरवून दाखवायचो. स्टेशनावरचे हमाल नुसतं टक्-टक् ऐकायला येऊन बसायचे.

त्याच सुमारास बाजारकुणंगच्या तळावरून अक्का मीठ-मिरची न्यायला कॅसलरॉकला आल्या. त्या तिथल्या मुकादमांच्या बायको, चाळिशीच्या असतील. मुकादमांना टेलिफोनची भीती वाटे. कानाला लावला की दुसरा माणूस डोक्यात शिरतो असं त्यांचं म्हणणं होतं, त्यामुळे बाजारकुणंगची घंटा वाजली की अक्काच उचलायच्या. त्यांचा आवाज मी रोज ऐकायचो, पण प्रत्यक्ष त्यांना तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. मी मोठ्या ऐटीत चकती त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी दोन फेरे फिरवून पाहिली. टक्-टक् त्यांना आवडलं. मग झरोक्यात डोळा लावून म्हणाल्या, "मास्तर, ह्या खालच्या रेघा कळत्यात. वर काय हाय? मुंग्या चालल्यागत दिसतंय."

मी सांगितलं, नावं आहेत.

"मला वाचता येत न्हाई. माहुताला येत न्हाई, गुंदच्यास्नी बी येत न्हाई. मग ही तुमच्या एकट्यासाठीच केलीसा व्हय?"

खरं म्हणजे ती एकट्यासाठीच केली होती, पण तसं बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, मग काय करावं ते तुम्हीच सांगा. त्यांनी मिठाची पिशवी बाजूला ठेवली आणि मला काजळ, गेरू आणि तांदळाचं पीठ आणायला लावलं. दिवाळीला त्या घरच्या भिंतींवर पांढरी चित्रं काढायच्या, त्यामुळे हात बसलेला होता. कळकाची काडी चावून तिची कुंचली केली आणि माझी सगळी नावं ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

गिरणीसाठी त्यांनी करवत काढली. कंपाउंडरसाठी बाटली काढतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी एक वाकडं तोंड काढलं. त्याचं औषध प्यायल्यावर माणसाचं होतं तसं. हत्तीच्या तळासाठी नुसती हत्तीची शेपटी, कारण वाटेत हत्ती नेहमी पुढं असतो आणि आपण मागं, असं त्यांनी सांगितलं. गुंदसाठी एक घोंगडी आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन पाय. तिथल्या मुकादमाला घंटा दहादा वाजवल्याशिवाय जाग येत नसे. आपल्या तळासाठी त्यांनी एक मोठी मिशी काढली आणि पुढच्या जागेकडे वळल्या. मुकादमांचं बाकीचं तोंड राहिलं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, बाकी ध्यानात ठेवण्यासारखं काय न्हाई.

मी हसून हसून ओंडक्यावर बसलो होतो. त्या मात्र सारवण करत असल्यासारख्या गंभीरपणे काढत होत्या. बंगल्याची जागा आली तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि एक नाक काढलं. नुसतं नाक. बाजूनं दिसणारं, मध्ये उंचवटा असलेलं, खाली थोडं वळलेलं. ते मालकांचंच होतं, याबद्दल आंधळ्यालाही शंका आली नसती.

मी म्हणालो, "अक्का, हे पुसा. मालक मला ठेवणार नाहीत."

"का? बरोबर न्हाई आलं?"

"बरोबर आलंय म्हणूनच."

त्यांनी पुसलं नाही. उलट त्याच्यावर गेरूचा एक हात फिरवला आणि पिशवी उचलून निघून गेल्या. आणि मीही पुसलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. दिवसातून पाच-सहा वेळा मी काम नसताना चकती नाकावर आणून ठेवायचो आणि बघत बसायचो.

मालक वखारीत फारसे येत नसत. ओंडके उतरायचे असले की यायचे, आणि आल्यावर कापलेल्या टोकाला नाक लावून लाकूड किती सुकलंय ते सांगायचे. त्यांचं कधी चुकत नसे. त्या दिवशी काम आटोपल्यावर ते सरळ आत आले आणि म्हणाले की गिरणीचे मॅनेजर तुझ्या चकतीचं फार कौतुक करत होते, बघू तरी. मी चकती फिरवून करवतीवर आणायला धावलो, पण त्यांचा हात आधीच तिच्यावर पडला होता. ते एकेक चित्र बघत गेले. शेपटीला हसले. वाकड्या तोंडाला मोठ्यानं हसले आणि कंपाउंडर आहे हे न सांगता ओळखलं. मग टक् झालं आणि झरोक्यात नाक आलं.

त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

"हे काय?"

माझ्या तोंडून निघालं, "काजू."

"काजू?"

"काजूची बी. आपली काजूची बाग आहे ना, तिची खूण."

सीमेपलीकडे गोव्याच्या बाजूला मालकांची एक काजूची बाग होती. तिथंपर्यंत तार न्यायची असं ते वर्षभर बोलत होते, पण परवानगीत अडलं होतं. मला वाटलं, पुढे-मागे तार जाईल म्हणून आधीच जागा राखून ठेवली आहे, असं म्हणून सुटता येईल. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तार पोचली तिथं? मला कुणी सांगितलं नाही."

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आत्ताच पोचली."

"मग लाव. मीच बोलतो."

पुढचं सगळं मला एखाद्या दुसऱ्याच माणसानं केल्यासारखं आठवतं. खालच्या झरोक्यात तीन लांब रेघा होत्या. मालक त्या बघतच होते. त्या बंगल्याच्या आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण स्वतःच्या घरी घंटा देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते नुसता निरोप सांगायचे, घंटा मी द्यायचो. वेगळी घंटा देण्याची सोय राहिली नव्हती. मी तीन लांब दिल्या. त्यांनी कानाला लावलं आणि ताठ उभं राहून विचारलं, "बागेत कोण बोलतंय?"

पलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला. पेटीपासून हातभर लांब उभ्या असलेल्या मलाही तो स्पष्ट ऐकू आला. त्या म्हणाल्या, "बागेत? मी घरात आहे. तुम्ही कुठं आहात?"

मालकांनी कानाचं नळकांडं काढून त्याच्याकडे पाहिलं आणि परत लावलं. त्यांनी सांगितलं की आपण वखारीत आहोत, काजूचं चित्र लावलं होतं. मग त्या म्हणाल्या, "ते काजू नाही हो. तुमचं नाक आहे."

मालक माझ्याकडे वळले. मी चकतीकडे बघत राहिलो. तारेवर कुणीतरी फुसकन हसलं आणि आवाज इतका बारीक झाला की अकराही ठिकाणी उचललं आहे हे मला कळलं.

बाईंना हे सगळं ठाऊक कसं, हे मला त्याच क्षणी उमगलं. दुपारी जेवणं झाली की बाजारकुणंगची घंटा वाजायची आणि मग तासभर तार अडलेली असायची. मालकीणबाई आणि अक्का बोलत असायच्या. कधी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. आंबाड्याची भाजी, पायाची भेग, मुकादमांची दारू, बाईंच्या बेळगावच्या माहेरचं लग्न, सगळं चालायचं. मी सुरुवातीला ऐकायचो, मग भाज्यांचा कंटाळा येऊन सोडून दिलं होतं. माझी चकती त्यांच्या बोलण्यात कधी आली ते मला त्यामुळे कळलंच नाही.

मालकांनी आवाज न चढवता विचारलं, "कुणी काढलं?"

मी काही बोलायच्या आत तारेवरून उत्तर आलं. नियम मोडून बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मी काढलंय. बाजारकुणंगची."

मालकांनी अक्कांना विचारलं की असं का काढलंस. सगळी तार ऐकत होती. अक्कांच्या आवाजात भीती नव्हती आणि चेष्टाही नव्हती. त्या म्हणाल्या, "लाकूड नाकानं कोण वळखतंय ह्या जंगलात? तुमीच की. दुसऱ्या कुणाला येतंय काय? म्हणून तेवढंच काढलं."

मालकांचा हात हळूच नाकाकडे गेला आणि मध्येच खाली आला. मग ते मला म्हणाले, त्यांच्या मते दबक्या आवाजात, पण तोंडापुढं पेटी होती, की तू उगाच काजू का सांगितलंस. खरं सांगितलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता, हे मला दिसत होतं. त्यांनी परत चकतीकडे पाहिलं आणि उंचवटा जरा जास्त झालाय का असं विचारलं. मी म्हणालो, जरासा.

एवढ्यावर संपलं असतं, पण मालकीणबाई अजून तारेवर होत्या. त्यांनी सांगितलं की नाक चांगलं असेल, त्यांची काही तक्रार नाही, पण ते बंगल्याच्या जागेवर नको. "तुम्ही घरात असता कधी? टेलिफोन मी उचलते. खूण माझी पाहिजे."

मालक म्हणाले, बंगला माझा आहे. बाई म्हणाल्या, बंगल्याला कुणी बोलत नाही, माझ्याशी बोलतात. गिरणीचे मॅनेजर मध्येच ओरडून विचारू लागले की कुणाच्या पायात काय घुसलं, आणि त्यांना गप्प करण्यात थोडा वेळ गेला. शेवटी मालकांनी हार मानली, पण नाक पुसायला ते तयार होईनात. ज्या गोष्टीची त्यांना पाच मिनिटांपूर्वी ओळखही नव्हती ती आता त्यांना सोडवेना. मी तोडगा काढला. माझ्या चकतीवर वखारीची जागा रिकामीच होती, कारण मी स्वतःला घंटा देत नसे. पण प्रत्येक तळाला अशी एकेक चकती करून दिली तर तिथं वखारीची खूण लागेल. नाक तिथं जावं. लाकूड वखारीतच येतं, म्हणजे नाकही तिथंच शोभेल. मालकांना ते पटलं. आपण यातून कुठं जाऊन पडणार आहोत याचा मी विचार केला नव्हता.

दहा चकत्या करायला मला दीड महिना लागला. अक्का दर बाजाराला येऊन चित्रं काढून जायच्या. मुकादमांच्या मिशीच्या जागी त्यांनी स्वतःसाठी चूल काढली. बाईंसाठी काय काढायचं यावर त्यांनी फार वेळ घेतला नाही. त्यांनी झोपाळा काढला. बोलताना पलीकडून कड्यांची करकर सारखी ऐकू येते, असं त्यांनी सांगितलं. मी बंगल्यावर गेलो तेव्हा बघितलं तर खरंच टेलिफोनच्या पेटीखाली झोपाळा होता आणि बाई त्याच्यावर बसूनच बोलायच्या. मला ती करकर कधी ऐकू आली नव्हती.

चकत्या तळातळावर गेल्या आणि त्या आठवड्यापासून माझं नाव बदललं. माहूत मूठ फिरवायचा आणि मी उचललं की विचारायचा, "नाक हाय काय?" गुंदहून, जागे असले तर, तेच. कंपाउंडर मुद्दाम तेच, वाकड्या तोंडाचा राग काढायला. माझं स्वतःचं नाक बसकं आणि लहान आहे. स्टेशनावर अनोळखी माणसं मला भेटायला येत, चेहरा बघत आणि निराश होऊन परत जात.

शेवटची चकती बंगल्यावर जायची होती, पण बाई म्हणाल्या की मीच खाली येते, चित्र काढताना बघायचंय. ठरल्या दिवशी त्या बैलगाडीतून वखारीत उतरल्या. जरीकाठी लुगडं, हातात छत्री. अक्का ओसरीवर कुंचली घेऊन बसल्या होत्या, नेहमीच्या गाठ मारलेल्या आखूड लुगड्यात. पाऊण वर्ष रोज तासभर बोललेल्या या दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बाईंनी विचारलं, बरं आहे ना. अक्का म्हणाल्या, व्हय. मी दोघींना पाणी दिलं. बाईंनी झोपाळ्याचं चित्र बघितलं, चांगलं आहे म्हणाल्या. अक्का कुंचली धूत बसल्या, ती स्वच्छ झाली तरी धूतच राहिल्या. रोज मुकादमांच्या दारूवर बोलणाऱ्या या बायका आता हवा किती तापलीय एवढं बोलून थांबल्या. पाव तासानं बाई चकती घेऊन गाडीत बसल्या आणि गेल्या. अक्कांचं तोंड उतरलं होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की मोठ्या घरच्या बाई, संकोच वाटत असेल. अक्का म्हणाल्या, "मला वाटलं हुतं त्या जाड असतील."

बैलगाडीला टेकडी चढायला वेळ लागतो. अक्का मिठाची पिशवी बांधून निघायच्या बेतात होत्या तेव्हा घंटा वाजली. एक तोकडी, एक लांब, एक तोकडी, म्हणजे वखार. मी उचललं. बाईंनी मला नाक म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या गेल्या का अजून?"

मी कानाचं नळकांडं अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते धरलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि क्षणभर ऐकून म्हणाल्या, "बाय, ती छत्री कुठनं घेतलीसा?" पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण मी बाहेर जाऊन ओंडके मोजू लागलो. तासाभरानं परत आलो तर अक्का अजून उभ्याच होत्या आणि त्यांनी मला हातानंच थांबायची खूण केली.

तार चार वर्षं टिकली. मग एका पावसाळ्यात इतकी झाडं तिच्यावर पडली की मालकांनी ती परत उभी केली नाही. बाजारकुणंगची चकती अक्कांनी ठेवून घेतली. नंतर एकदा तिकडं गेलो तेव्हा ती घडवंचीवर होती, पाण्याच्या हंड्याखाली. चित्रं पुसली होती, पण मी फिरवून पाहिली तर कळकाची पट्टी अजून टक् करत होती. अक्का म्हणाल्या, हंडा हलवू नका, सांडेल.